नजर की बर्फातली वाट? कोरियन जोडशब्द वाचताना डोक्यात काय घडतं

कोरियन भाषेत मनगटाला 'सोनमोक' म्हणतात. 'सोन' म्हणजे हात आणि 'मोक' म्हणजे मान. हाताची मान ती मनगट. घोट्याला म्हणतात 'बालमोक', म्हणजे पायाची मान. कोरियन शिकायला लागल्यावर हे दोन शब्द मला एकाच दिवशी भेटले आणि मी कितीतरी वेळ स्वतःच्या मनगटाकडे बघत बसले. खरंच, हात तिथे मानेसारखाच निमुळता होतो. मग वाटलं, जन्मापासून ही भाषा बोलणाऱ्या माणसाला 'सोनमोक' वाचताना ती मान दिसत असेल का? की त्याच्यासाठी तो नुसता एक गुळगुळीत शब्द असेल, आपल्या 'मनगट'सारखा?

हाच प्रश्न स्वतःच्या भाषेला विचारून बघा. 'देवघर' वाचताना 'घर' वेगळं जाणवतं का? 'पाणपोई'त पाणी दिसतं का? बहुतेक जण म्हणतील की छे, आम्ही अख्खा शब्द वाचतो. पण वाचताना डोक्यात जे घडतं ते इतक्या झपाट्याने घडतं की आपल्या आतल्या जाणिवेवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून मानसशास्त्रज्ञ आणि भाषाशास्त्रज्ञ गेली पन्नास वर्षं हे प्रयोगांनी तपासत आले आहेत. वाचक जोडशब्द फोडून वाचतो की सबंध उचलतो, हा त्यांचा प्रश्न. कोरियन भाषेत हा प्रश्न फार सुंदर रीतीने गुंतागुंतीचा होतो, आणि त्याचं कारण तिच्या लिपीत आहे. म्हणून आधी लिपी पाहू.

(कोरियन उच्चार देवनागरीत जवळपासचेच लिहिता येतात, हे पुढे वाचताना ध्यानात असू द्या.)

कोरियन लिपी, म्हणजे हांगुल, राजा सेजोंगने 1443 मध्ये तयार केली आणि 1446 मध्ये जाहीर केली. आज तिच्यात 14 मूळ व्यंजनं आणि 10 मूळ स्वर आहेत. पण ही अक्षरं रोमन लिपीसारखी एका ओळीत उभी राहत नाहीत. एका उच्चाराची सगळी अक्षरं एका चौकोनी ठोकळ्यात रचली जातात. 'सोन' लिहायचं तर वर 'स', त्याच्याखाली 'ओ'ची आडवी खूण आणि सगळ्यात खाली 'न'. तीन अक्षरं, एक ठोकळा. असे 11,172 ठोकळे बनू शकतात, अर्थात रोजच्या वापरात त्यातले थोडेच येतात.

आपल्याला वाटेल, आपलंही असंच आहे की. व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी लावून आपणही एक अक्षर बनवतो. पण इथे एक मोठा फरक आहे, आणि या सगळ्या विषयाची किल्ली मला तिथे सापडली. आपण 'सत्य' असा शब्द बोलताना 'सत्' आणि 'य' असा तोडतो, पण लिहिताना 'स' आणि 'त्य' असा. उच्चाराच्या शेवटी येणारं व्यंजन आपली लिपी पुढच्या अक्षरात ढकलते. हांगुल ते व्यंजन आपल्याच ठोकळ्याच्या तळाशी ठेवते. आता आपला 'विद्यार्थी' घ्या. विद्या आणि अर्थी. दोन शब्दांचा सांधा कुठे आहे? 'द्या'च्या पोटात. संधीने तो गिळून टाकला. कोरियनमध्ये विद्यार्थ्याला 'हाकसेंग' म्हणतात. 'हाक' म्हणजे शिकणं, तो एक ठोकळा. 'सेंग' हा दुसरा ठोकळा. सांधा बरोबर दोन ठोकळ्यांच्या मधल्या फटीत. कोरियन जोडशब्दांत बहुतेक वेळा असंच असतं. घटकाची कड आणि ठोकळ्याची कड एकच.

म्हणजे डोळ्याला सांधा आयता मिळतो. मात्र त्या शब्दाच्या आत एरवीही ठोकळे असतातच, त्यामुळे कुठली फट खरा सांधा आणि कुठली नुसती उच्चाराची सीमा, हे वाचकालाच ठरवावं लागतं. 'नामु' म्हणजे झाड. त्यात दोन ठोकळे आहेत पण शब्द एकच.

ठोकळा वाचकाच्या मनात किती पक्का असतो, हे चांग ह्वान ली आणि मार्कस टाफ्ट यांनी 2009 मध्ये दाखवलं. इंग्रजी शब्दातल्या दोन अक्षरांची अदलाबदल केली तरी इंग्रजी वाचकाला शब्द बऱ्यापैकी ओळखता येतो. कोरियन वाचकाला अशी अदलाबदल तितकी चालत नाही. कारण ठोकळ्यात प्रत्येक अक्षराचं घर ठरलेलं असतं, कोणी माथ्यावर तर कोणी तळाशी. तळाचं अक्षर माथ्यावर गेलं की ठोकळाच वेगळा दिसतो.

आता शुद्धलेखन. सध्याच्या कोरियन लेखनाचा पाया 1933 साली कोरियन भाषा मंडळाने ठरवलेल्या नियमांनी घातला. तेव्हा देश जपानच्या ताब्यात होता. त्या नियमांमागचं मोठं तत्त्व असं: शब्दाचा उच्चार जागेनुसार बदलला, तरी त्याचं मूळ रूप लिखाणात दिसत राहिलं पाहिजे. फूल म्हणजे 'क्कोत'. पण लिहिताना त्याच्या तळाशी 'छ' असतो, म्हणजे 'क्कोछ'. पान म्हणजे 'इप', लिहिताना 'इफ'. दोन्ही जोडून पाकळीसाठी शब्द होतो, आणि त्याचा उच्चार काय होतो पाहा: 'क्कोन्निप'. तळाचा 'छ' आधी 'त' झाला, 'इप'च्या आधी कुठूनसा एक 'न' आला, आणि त्या 'न'च्या संगतीने 'त'चाही 'न' झाला. कानाला फूलही ओळखू येत नाही आणि पानही. पण कागदावर पहिला ठोकळा जसाच्या तसा फूल आहे आणि दुसरा जसाच्या तसा पान.

मला ही गोष्ट अतिशय मोलाची वाटते. ऐकणाऱ्याला जे मिळत नाही ते वाचणाऱ्याला मिळावं, अशी ही व्यवस्था आहे. कोरियन मुलं शाळेत श्रुतलेखन करताना इथेच अडखळतात आणि मोठी झाल्यावर वाचताना याचाच फायदा घेतात.

पण याच व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. 'मुल' म्हणजे पाणी, 'गोगी' म्हणजे मांस. 'मुलगोगी' म्हणजे मासा. 'बुल' म्हणजे विस्तव, त्यावरून 'बुलगोगी', ते आता पुण्या-मुंबईतल्या कोरियन हॉटेलांतही मिळतं. दोन्ही शब्दांत 'गोगी' अगदी सारखं लिहितात. वाचताना मात्र 'बुलगोगी'तला 'ग' मऊ राहतो आणि मासा 'मुलक्कोगी' होतो, घट्ट दाबलेल्या 'क्क'चा. असं का? जाणकार साधारण असं सांगतात की दोन घटकांमधलं नातं 'च्या आतला', 'च्या वेळचा', 'च्यासाठीचा' असं असेल तर दुसऱ्या घटकाचा पहिला उच्चार घट्ट होतो. पाण्यातलं मांस, म्हणून घट्ट. विस्तवाने भाजलेलं मांस, म्हणजे विस्तव हे साधन, म्हणून मऊ. याला अपवाद पुष्कळ आहेत. भाताचा 'गिमबाप' हा नियमाने मऊ हवा, पण लोक सर्रास 'गिमप्पाप' म्हणतात. शेवटी 2016 मध्ये राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेने तोही उच्चार मान्य केला.

याचा अर्थ असा की जोडशब्द मोठ्याने वाचायचा तर नुसते घटक ओळखून भागत नाही. त्यांचं आपसातलं नातंही आधी कळावं लागतं. आणि कधी तर घटक कोणता हेच आधी ठरत नाही. त्याचं सर्वांत देखणं उदाहरण 'नुनगिल'. 'नुन' म्हणजे डोळा, आणि 'नुन' म्हणजेच बर्फ. 'गिल' म्हणजे वाट. डोळ्याची वाट म्हणजे नजर, तेव्हा उच्चार 'नुनक्किल'. बर्फातली वाट असेल तरी उच्चार 'नुनक्किल'च, फक्त जुन्या शिरस्त्याने 'नु' जरा लांबवायचा. कागदावर दोन्ही अगदी एकसारखे, कणाचाही फरक नाही. 'नुनमुल'चंही तसंच. डोळ्याचं पाणी म्हणजे अश्रू, आणि वितळलेल्या बर्फाचं पाणीही 'नुनमुल'. वाचणाऱ्याला पहिला ठोकळा दिसतो तेव्हा त्याला डोळा की बर्फ हे माहीत नसतं. दुसरा ठोकळा दिसला तरीही नसतं. आजूबाजूचं वाक्य येतं, आणि मग मागे जाऊन पहिल्या ठोकळ्याचा अर्थ पक्का होतो. सराईत वाचकाला यातलं काहीच जाणवत नाही.

काही जोडशब्दांत मात्र लेखन उच्चाराची खूण देतं. झाडाचं पान म्हणजे 'नामु' अधिक 'इप'. इथे 'मु'च्या ठोकळ्याच्या तळाशी एक छोटा 'स' बसवतात आणि उच्चार होतो 'नामुन्निप'. या मधल्या 'स'ला 'साइशिओत' म्हणतात, म्हणजे 'मधला स'. आपल्याकडे अनुस्वार कुठे द्यायचा यावर जितके वाद झाले तितकेच तिथे या 'स'वर झाले असतील. 1988 च्या नियमांप्रमाणे तो द्यायचा तर दोन घटकांपैकी निदान एक तरी शुद्ध कोरियन हवा. दोन्ही घटक चिनी मुळाचे असतील तर द्यायचा नाही, फक्त सहा ठरावीक शब्द सोडून. पावसाळ्याच्या झडीला 'जांगमा' म्हणतात आणि त्या दिवसांतल्या पावसाला 'जांगमात्बी', मधल्या 'स'सह. लोक तो 'स' हमखास विसरतात. माझ्या मते हे विसरणंही बोलकं आहे. त्यांच्या मनात 'जांगमा' हा घटक आपल्या मूळ रूपात ठाम बसलेला असतो, आणि हात तेच रूप लिहितो.

आता प्रयोगांकडे येऊ.

सर्वांत रुळलेली पद्धत अशी. पडद्यावर अक्षरांची एक मालिका येते आणि समोरच्याने शक्य तितक्या लवकर बटण दाबून सांगायचं की हा शब्द आहे की नाही. वेळ मिलिसेकंदांत मोजतात. मार्कस टाफ्ट आणि केनेथ फॉर्स्टर यांनी 1976 मध्ये इंग्रजीवर हे केलं. 'डस्टवर्थ' असा शब्द इंग्रजीत नाही, पण त्यातले 'डस्ट' आणि 'वर्थ' हे खरे शब्द आहेत. 'ट्रोब्रेक'ची सुरुवात निरर्थक आहे. लोकांना 'डस्टवर्थ'ला 'नाही' म्हणायला जास्त वेळ लागला. मराठीत करून बघा: 'चहावाडा' आणि 'मुचाडा'. 'मुचाडा' लगेच फेकून देता येतो. 'चहावाडा'पाशी मन क्षणभर थबकतं, 'असा वाडा असतो की काय' म्हणून. वाचक अख्खाच शब्द उचलत असता तर हे थबकणं झालंच नसतं. दोन्ही शब्द कोशात नाहीत, दोन्हींना सारखाच वेळ लागला असता.

दुसरी पद्धत आणखी नाजूक. मुख्य शब्दाच्या आधी सेकंदाच्या साधारण विसाव्या भागापुरता दुसरा शब्द चमकवतात. वाचकाला तो दिसल्याचं भानही नसतं. तरीही तो चमकलेला शब्द जोडशब्दाचा घटक असेल तर पुढचं उत्तर लवकर येतं. आणि गंमत म्हणजे हा फायदा बऱ्याचदा अशा शब्दांतही दिसतो ज्यांच्या घटकांचा अर्थाशी काही संबंध उरलेला नाही. गॅरी लिबेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये इंग्रजी जोडशब्दांवर हे तपासलं. अर्थ हरवलेल्या जोडशब्दांतही घटक जागे होतात, असं त्यांना दिसलं. अर्थाचा परिणाम होतो, पण तो वेगळा. मुख्य घटकाचा, म्हणजे इंग्रजीत शेवटच्या घटकाचा, अर्थ हरवलेला असेल तर शब्द ओळखायला उशीर होतो.

कोरियनमध्ये अर्थ हरवलेला शब्द म्हणजे 'ज्विप्पुल'. 'ज्वी' म्हणजे उंदीर, 'प्पुल' म्हणजे शिंग. उंदराचं शिंग. आपल्या सशाच्या शिंगाचा हा भाऊच म्हणायचा. 'त्याला उंदराचं शिंगही कळत नाही' म्हणजे त्याला काडीचंही कळत नाही. बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शिंगाचा उंदीर उभा राहत नसणार. पण वर सांगितलेल्या प्रयोगांचा रोख पाहिला तर उंदीर आणि शिंग दोन्ही क्षणभर जागे होऊन पुन्हा निजत असणार, असं मला वाटतं.

म्हणून आज बहुतेक अभ्यासक 'फोडून की सबंध' असा प्रश्न विचारत नाहीत. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू असतात. रोजचा, सरावाचा शब्द असेल तर सबंध वाट आधी पोचते. नवा किंवा विरळा शब्द असेल तर घटकांची वाट कामाला येते. 'चिमेक' हा शब्द पहिल्यांदा वाचणाऱ्या कोरियन माणसाने तो 'चिकन'चा 'चि' आणि 'मेकजू'चा, म्हणजे बिअरचा, 'मेक' असा फोडलाच असणार. आज तो इतका रुळला आहे की 2021 मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशातही गेला.

चिनी मुळाच्या शब्दांत खरी कसोटी लागते. कोशातले निम्म्याहून जास्त कोरियन शब्द चिनी मुळाचे आहेत, जसे आपल्याकडे संस्कृतातून आलेले. 'हाक' म्हणजे शिकणं हे कळलं की 'हाक्क्यो' म्हणजे शाळा, 'देहाक' म्हणजे विद्यापीठ, 'मुनहाक' म्हणजे साहित्य, असा सगळा गोतावळा उलगडत जातो. पूर्वी हे शब्द चिनी चिन्हांत लिहीत आणि प्रत्येक चिन्ह वेगळं दिसे. उत्तर कोरियाने 1949 मध्ये ती चिन्हं बंद केली. दक्षिणेत ती वर्तमानपत्रांत बराच काळ राहिली. 1988 मध्ये निघालेल्या 'हांग्योरे' या दैनिकाने पहिल्यापासून फक्त हांगुल वापरली, आणि पुढे इतरही त्याच वाटेने आले. आता वेगवेगळी चिन्हं एकाच ठोकळ्यात येऊन बसली आहेत. 'सु' म्हणजे पाणी, 'सु' म्हणजे संख्या, 'सु' म्हणजे हात.

'बांगह्वा' बघा. 'ह्वा' म्हणजे आग. 'बांग' या ठोकळ्याचा एक अर्थ अडवणं आणि दुसरा सोडणं. त्यामुळे 'बांगह्वा' म्हणजे आगीपासून बचाव, आणि 'बांगह्वा' म्हणजेच जाळपोळ. एकच लेखन, एकच उच्चार, आणि अर्थ एकमेकांच्या उलट. मग वाचक काय करतो? तो तिसऱ्या ठोकळ्याची वाट बघतो. पुढे 'ब्योक', म्हणजे भिंत, आला तर 'बांगह्वाब्योक', आग रोखणारी भिंत. संगणकाच्या सुरक्षेसाठीही हाच शब्द वापरतात. पुढे 'बोम', म्हणजे गुन्हेगार, आला तर 'बांगह्वाबोम', आग लावणारा. तिसरा ठोकळा पहिल्याचा अर्थ ठरवतो. घटकांवरून शब्द कळतो हे जितकं खरं, तितकंच शब्दावरून घटक कळतो हेही खरं. खेळाच्या पानावरचा 'योन्पे' तर सलग विजेतेपदालाही लागतो आणि सलग पराभवालाही.

मोकळ्या जागेचाही यात वाटा आहे. शब्दांमध्ये जागा सोडून हांगुल छापण्याची रीत 1896 मध्ये निघालेल्या 'तोंग्निप शिनमुन' या वर्तमानपत्राने रुजवली. जागा नसेल तर काय होतं, यासाठी प्रत्येक कोरियन मुलाला एक वाक्य ठाऊक असतं. 'अबोजीगा बांगे' म्हणजे बाबा खोलीत जातात. 'अबोजी गाबांगे' म्हटलं की बाबा बॅगेत जातात. 'खुन जिप' सुटं लिहिलं तर मोठं घर. 'खुनजिप' जोडून लिहिलं की घराण्यातल्या थोरल्या भावाचं घर, आपल्याकडे 'थोरल्या घरी सण आहे' म्हणतात तसं. मधली रिकामी जागा मिटली की वाचकाला कळतं, इथे घटकांचा नुसता अर्थ जोडायचा नाही, सबंध शब्द उचलायचा.

दोन भाषा येणाऱ्यांचं काय होतं, हे इन यंग को, मिन वांग आणि से यंग किम यांनी 2011 मध्ये शोधलं. कोरियन-इंग्रजी दोन्ही जाणणाऱ्यांना त्यांनी इंग्रजी जोडशब्द दाखवले. त्या शब्दाचे घटक एकेक करून कोरियनमध्ये उलथले तर कधी खरा कोरियन शब्द बनतो, कधी बनत नाही. माझं उदाहरण द्यायचं तर 'स्नोमॅन': बर्फ 'नुन', माणूस 'साराम', आणि 'नुनसाराम' हा खरोखरचा कोरियन शब्द आहे. असं जुळत असेल तेव्हा लोकांनी इंग्रजी शब्द जास्त अचूक ओळखले. समोर कोरियन कुठेच नव्हतं. म्हणजे इंग्रजी शब्द मनात फुटला, त्याचे तुकडे कोरियनमध्ये गेले आणि तिथे जोडलेही गेले. मराठी-इंग्रजी दोन्हीत वावरणाऱ्या आपल्याकडे हा प्रयोग व्हायला हवा, असं मला फार वाटतं.

प्रयोगशाळेबाहेर, भर रस्त्यात, हे फोडणं एकदा सगळ्या देशाला दिसलं. कोरियनमध्ये एका दिवसाला 'हारु' म्हणतात, दोन दिवसांना 'इतुल', तीन दिवसांना 'साहुल', चारला 'नाहुल'. 2020 मध्ये दक्षिण कोरियाच्या सरकारने 17 ऑगस्टला जादा सुट्टी जाहीर केली. शनिवार, रविवार धरून तीन दिवस झाले. बातम्यांत 'साहुल सुट्टी' असं आलं, आणि असंख्य लोक इंटरनेटवर विचारू लागले की दिवस तीन असताना चार का म्हणताय? कारण चिनी मुळाच्या मोजणीत 'सा' म्हणजे चार. 'साहुल' हा शुद्ध कोरियन शब्द, त्यात चारचा काही संबंध नाही. पण 'सा'चा ठोकळा डोळ्याला दिसला आणि डोक्याने तो तिथेच तोडला. दोन वर्षांनी 'शिमशिमहान सागवा'वरून असाच गोंधळ झाला. म्हणायचं होतं 'मनःपूर्वक माफी'. पण रोजच्या बोलीत 'शिमशिम' म्हणजे कंटाळवाणं, आणि कित्येकांनी 'कंटाळवाणी माफी' असं वाचून राग धरला.

दोन्ही वेळा चर्चा झाली ती तरुणांचं वाचन कमी झाल्याची. तसं असेलही. पण 'साहुल' चुकीचं वाचणाऱ्याने जे केलं, तेच तो दिवसभर शेकडो शब्दांवर बिनचूक करत असतो. ठोकळा दिसला की त्याचा सर्वांत ओळखीचा अर्थ पुढे येतो, मागून सबंध शब्दाची ओळख येते आणि पहिल्या अर्थाला सांभाळून घेते किंवा बाजूला सारते. 'साहुल' शब्दच फारसा कानावर नसलेल्या वाचकाकडे मागून येणारं काही नव्हतं, म्हणून 'सा' एकटाच पुढे उभा राहिला.